अक्कांचा दाखला

९ नोव्हेंबर १९५८, रविवार. दुपारी साडेतीन ते सहा. जागा : पेठेतले घर, दुकानावरचा मजला. हजर : मी, घरमालक अण्णा, अण्णांचे मेहुणे (पाच वाजेपर्यंत), एक मांजर. वाचून झालेले कागद : सात. अर्धा राहिलेला : एक.

ही नोंद माझ्या वहीतली आहे, माझ्याच अक्षरातली. अशा चार वह्या माझ्याकडे आहेत. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. बाजाराची यादी, परीक्षकांची यादी, प्रवासात न्यायच्या सामानाची यादी, सगळे आधी कागदावर उतरते आणि मग मी हलतो. मांजराची नोंद गंमत म्हणून केली होती. पण त्या दुपारी सातही कागद ज्यांनी वाचले त्या बाईंची नोंद नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. मागच्या महिन्यात चारही वह्या काढून मी ओळ न ओळ तपासली. मांजर तीन वेळा आले आहे. अक्का एकदाही नाहीत.

मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. बंगळूरच्या एका कॉलेजात सोळा वर्षे झाली, पैकी आठ वर्षे विभागप्रमुख. माझ्या नावावर एक पुस्तक आहे, आणि एक निबंध, ज्याचा उल्लेख अजूनही इतरांच्या तळटीपांत येतो. दोन्ही अक्कांच्या वाचनावर उभी आहेत. हे मी आजवर कुठेही लिहिलेले नाही.

सुरुवात मुलाखतीपासून करतो, कारण चूक तिथली आहे. १९५३ साली पुण्याहून एम. ए. होऊन मी इथे अर्ज केला. प्रिन्सिपॉलसाहेब कन्नडिग, स्वभावाने मोकळे. माझा अर्ज चाळून ते इंग्रजीत म्हणाले, "पुण्याचे आहात. म्हणजे मोडी वाचता येत असणारच."

मी म्हणालो, "हो."

शाळेत आम्हाला मोडीचे छापील पुस्तक होते आणि मी त्यात पास झालो होतो. त्या बळावर तो होकार. छापील मोडी वेगळी, आणि दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने हात न उचलता, शब्द न तोडता, बोरूने सपासप ओढलेली मोडी वेगळी. मला हे तेव्हा माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. चांगले माहीत होते. पुण्यात एम. ए. करताना मी दफ्तरातला एक कागद हातात घेऊन पाहिला होता आणि पहिल्या 'श्री'च्या पलीकडे गेलो नव्हतो. आम्ही इतिहास इंग्रजी पुस्तकांतून शिकलो, परीक्षाही इंग्रजीत दिल्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची हीच गत होती, पण ती पुण्यातच राहिली. तिथे असा होकार दिला असता तर तासाभरात कोणीतरी कागद पुढे सरकवला असता. इथे सरकवणारे कोणी नव्हते. पुण्याचा माणूस म्हणजे मोडी येणार, यात कोणाला शंकाच नव्हती. स्टाफरूममध्ये माझी ओळख तशीच करून दिली जाई आणि मी चहाच्या कपात बघत असे.

पाच वर्षे काही बिघडले नाही. मग इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी व्याख्यान दिले. ते संपल्यावर एक जाडसर, हसरे गृहस्थ पुढे आले. पेठेत त्यांचे कापडाचे दुकान. घराणे इतके जुने की इथे कधी आलो ते त्यांनाही सांगता येत नव्हते. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"मेष्ट्रे," ते म्हणाले (इकडे मास्तरांना मेष्ट्रे म्हणतात), "आमच्या माळ्यावर चार रुमाल आहेत. आमच्यातले कोणी कारकून होते म्हणे, त्यांचे कागद. झुरळांनी स्वल्प खाल्लेत. सगळे खायच्या आत एकदा बघून जा."

रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इतिहासाच्या माणसाला चार न उघडलेले रुमाल म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढच्याच रविवारी मी गेलो.

घर असे होते. खाली दुकान. वर रस्त्याकडची बैठकीची खोली, तिच्यामागे माजघर, मध्ये उंबरठा. अण्णांनी पहिला रुमाल सोडला आणि वरचा कागद माझ्या हातात दिला. शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते, एका सरकारी कारखान्यात हिशेबनीस, इंग्रजी वाचणारे. दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी कागद पाहत राहिलो. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद खिडकीपाशी नेला. मिनिटे जात होती.

तेवढ्यात उंबरठ्याच्या आतून आवाज आला. "मेष्ट्रे, वरच्या तीन ओळींत काही नाही. नुसता मायना आहे. काम चौथ्या ओळीपासून आहे."

मी म्हणालो, "हो, तेच पाहतोय."

"चौथ्या ओळीत तळ्याच्या बांधाचं आहे. बांध फुटलाय, माणसं पाठवा म्हणतोय."

अण्णा हसले. "ही आमची बहीण. बाबांनी मला दुकान दिलं आणि हिला मोडी. माळ्यावर बसून तिनं सगळं वाचून काढलंय. आम्हाला वाटलं, वेड लागलं."

"तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मला वेड," आतून उत्तर आले.

त्या अक्का. अण्णांपेक्षा लहान, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, पण सगळी पेठ त्यांना अक्काच म्हणे, अण्णासुद्धा. विशीतच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. त्या माजघरात दाराच्या आड पाटावर बसत. मला कधी पदराचा काठ दिसे, कधी कागद धरलेला हात. मला वाचता येत नाही हे त्यांना पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत कळले होते. त्यांनी ते झाकून घेतले. बाहेर बसलेल्या दोघांना काही उमगले नाही. पुढेही कधी त्यांनी मला तोंडघशी पाडले नाही. "मेष्ट्रे, तुम्ही लिहून घ्या, मी म्हणते, काम लवकर होईल," असे त्या म्हणाल्या, जणू वेळ वाचवण्याचाच प्रश्न होता.

चार वर्षे हे चालले. दर महिन्याला दोन-तीन रविवार. मी राजाजीनगरला राहायला गेलो होतो. जेवून बस पकडायची, साडेतीनला पेठेत हजर. पद्धत ठरलेली. मी कागदावर पेन्सिलीने क्रमांक घालायचा. अण्णांनी तो उंबरठ्यावर ठेवायचा. अक्कांनी उचलून वाचायचा, मी बाळबोधीत उतरवायचा. चार वर्षांत मी त्यांच्या हातात एकही कागद थेट दिला नाही, तशी रीतच नव्हती. आणि ती रीत मला फार सोयीची पडली. उंबरठ्याच्या आत बसलेले माणूस बैठकीत हजर धरायचे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

माझे काम काहीच नव्हते असे नाही. तारखा जंत्रीवरून जुळवणे, गावांची नावे नकाशावर शोधणे, सूची करणे, हे माझे, आणि ते मी नीट केले. पण तो दुसरा टप्पा होता. पहिला नसता तर दुसऱ्याला काही कामच नव्हते.

एकदा मी वहीत नोंद करत असताना आतून विचारणा झाली, "दरवेळी आल्या आल्या काय लिहिता हो मेष्ट्रे?"

"कोण कोण हजर ते."

"आमचं मांजर धरलं का? ते पहिल्यापासून बसलंय. अण्णा तर मधून मधून झोपतात."

अण्णा म्हणाले, "मी डोळे मिटून ऐकतो."

"घोरत ऐकतात," अक्का म्हणाल्या.

मी हसत हसत मांजर लिहिले. मेहुण्यांना वाचून दाखवले, तेही हसले. आता वाटते, अक्का मांजराबद्दल विचारत नव्हत्या. पण खरे सांगायचे तर हे आत्ताच वाटते असेही नाही. तेव्हाही लेखणी एक क्षण थांबली होती.

ज्या निबंधावर माझे नाव झाले तो असा. दुसऱ्या रुमालात पेठेतल्या विणकरांची एक तक्रार होती, अंमलदाराच्या जुलमाविरुद्ध. तिसऱ्या रुमालात अंमलदाराचा खुलासा होता. नावे वेगळी, शिक्के वेगळे, दोन्हींत दीड वर्षाचे अंतर. खुलासा वाचता वाचता अक्का थांबल्या.

"अण्णा, मागचा तो विणकरांचा कागद द्या."

कागद आत गेला. मग हसू ऐकू आले.

"मेष्ट्रे, हा एकच माणूस आहे. तक्रार पण ह्यानंच लिहिली, उत्तर पण ह्यानंच. आळशी आहे. ओळ संपत आली की हात खाली सोडून देतो, बघा. आणि 'र' ची शेपटी कधी पुरी करत नाही. दोन्हीकडनं विडा खाल्ला असेल."

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकदा दाखवल्यावर मलाही दिसले. एकाच कारकुनाने दोन्ही बाजू लिहिल्या असतील, तर तक्रारीतला आवाज विणकरांचा किती आणि कारकुनाचा किती? हा प्रश्न माझा, हे मी मानतो. पण ज्या नजरेने तो शक्य झाला ती माझी नव्हती.

निबंध मी इंग्रजीत लिहिला. उत्तरेतल्या एका शहरात परिषद होती, तिथे वाचला. अध्यक्षस्थानी एक वृद्ध अभ्यासक होते. ते म्हणाले, की अक्षरावरून माणूस ओळखणारी नजर हल्लीच्या पिढीत राहिलेली नाही, ती इथे दिसली. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला. पहिल्या तळटीपेत मी लिहिले होते : कागद मूळ मोडीत आहेत, वाचन प्रस्तुत लेखकाचे. शेवटी कागद पाहू दिल्याबद्दल अण्णांचे नाव घेऊन आभार.

निबंध छापून आल्यावर मी एक प्रत पेठेत दिली. अण्णांनी ती दुकानातल्या काचेच्या कपाटात, लुगड्यांच्या वरच्या फळीवर ठेवली. वर आल्यावर अक्कांनी ती मागवून घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पाने उलटण्याचा आवाज आला.

"आमचं घर कुठं आलंय ह्यात?"

मी उंबरठ्यापाशी जाऊन आभाराच्या ओळीवर बोट ठेवले. "हे. अण्णांचं नाव."

"अक्षर फार बारीक आहे," त्या म्हणाल्या, आणि प्रत परत उंबरठ्यावर ठेवली.

१९६१ साली मला बढती मिळाली, लगोलग विभागप्रमुखपदही. त्याच्या पाठोपाठ पुस्तक. तळटीप तशीच, आभार तसेच.

पुढच्या वर्षी कॉलेजात जुने कागद जमवण्याची एक लहानशी योजना मंजूर झाली. तिच्यात मोडी वाचकाची एक जागा होती. जाहिरातीचा मसुदा मी केला, असली कामे माझ्याकडेच येत. अट घातली : मॅट्रिक, किंवा मान्यवर अभ्यासकाकडून मोडी वाचनाच्या अनुभवाचा दाखला. हे 'किंवा' मी अक्कांसाठी घातले होते. मला सुटकेचा मार्ग दिसत होता. त्यांना जागा मिळाली की माझ्या डोक्यावरचे ओझे उतरेल, आणि कोणाला काही सांगावेही लागणार नाही, असा माझा हिशेब. अण्णांना मीच जाहिरात दाखवली.

त्या आठवड्यात अक्का आमच्या राजाजीनगरच्या घरी आल्या. बरोबर वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी. मी अक्कांना प्रथमच समोर, उजेडात पाहिले. ठेंगण्या, रुंद कपाळाच्या, हसताना डोळे पूर्ण मिटणाऱ्या. माझ्या पत्नीने कॉफी केली.

"अण्णांचा नकार होता," वहिनी म्हणाल्या. "घरात काय कमी आहे, म्हणाले. तीन दिवस ह्या जेवल्या नाहीत, मग सरी, होऊ दे, म्हणाले."

"दोन दिवस," अक्का म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी तुम्ही हुळीअन्न केलंत, आणि सांबारभात मला सोडवत नाही." मग माझ्याकडे वळून, "मेष्ट्रे, मला दुसरं काही नको. सकाळी दहाला छत्री घेऊन घराबाहेर पडायचंय, आणि संध्याकाळी थकून परत यायचंय. समोरच्या घरातली मास्तरीण तशी येते. तेवढं बघायचंय."

"नक्की होईल," मी म्हणालो. "दाखला मी देतो."

दाखला लिहायला बसलो तेव्हा मला माझी अडचण कळली. अनुभवाचा दाखला म्हणजे कोणता अनुभव, किती वर्षे, कोणाकडे? 'चार वर्षे माझ्याकडे, माझ्या ग्रंथातील सर्व कागदांचे वाचन यांनी केले.' हे एक वाक्य खरे होते, आणि तेच लिहायला हवे होते. निवड समितीत प्रिन्सिपॉलसाहेब होते, तेच, ज्यांच्यापुढे मी 'हो' म्हणालो होतो. बाहेरून येणारे तज्ज्ञ होते परिषदेचे ते वृद्ध अध्यक्ष. दोघांच्या हातात तो कागद जाणार होता. मी तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. चौथा इंग्रजीत टाइप केला : या बाईंना मी काही वर्षे ओळखतो, घराणे प्रतिष्ठित, वर्तन उत्तम, मोडी लिपीचा काहीसा परिचय आहे.

पाकीट बंद करून अण्णांकडे दिले. अक्कांनी ते तसेच अर्जाला जोडले.

पुढचे मला लिहायला जड जाते, पण ते लिहिण्यासाठीच बसलो आहे. समितीचा सचिव मीच होतो. आलेल्या अर्जांची छाननी करून पात्र आणि अपात्र अशा दोन याद्या करणे माझे काम. अर्ज नऊ होते. अक्का मॅट्रिक नव्हत्या. त्यांचा दाखला नियमाप्रमाणे अनुभवाचा नव्हता, ओळखीचा होता. नियम मी केलेला, दाखला मी दिलेला. मी त्यांचे नाव अपात्र यादीत घातले आणि शेरा लिहिला : अनुभवाचा दाखला नाही. याद्या सुवाच्य होत्या. प्रिन्सिपॉलसाहेबांनी नेहमीप्रमाणे त्यांचे कौतुक केले.

जागा मिळाली ती दफ्तरखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना. ते भिंग लावून दिवसाला चार ओळी वाचत. वर्षभरात त्यांनी सोडले.

कॉलेजकडून नकाराचे पत्र गेल्यावर मी एक रविवार टाळला. दुसऱ्या रविवारी गेलो, साडेतीनला. न जाणे जास्त वाईट दिसले असते. अण्णा आणि मेहुणे बैठकीत होते. अर्जाबरोबर दाखलाही परत आला होता, तो मेहुण्यांच्या हातात होता. त्यांनी अक्कांना तो वाचून, अर्थ सांगून दाखवला होता, हे मला जिना चढतानाच कळायला हवे होते.

"मेष्ट्रे," आतून आवाज आला, "मला मोडी स्वल्प येते असं लिहिलंय म्हणे."

मी म्हणालो, "इंग्रजीत तसं लिहायची पद्धत असते. त्याचा अर्थ तितका..."

"मी तिसरी शिकलेली बाई. पण माझे मेहुणे मॅट्रिक आहेत."

मेहुणे कागदाकडे पाहत राहिले. अण्णांना अजूनही नीट उलगडा झालेला नव्हता. ते म्हणाले, "अगं, मेष्ट्र्यांना काय माहीत तुला किती येतं? ते स्वतःच वाचतात. तू आपली मदतीला म्हणत होतीस."

मला वाटले, आता त्या सांगतील. एका वाक्याचा प्रश्न होता. सांगितले असते तर बरे झाले असते, माझ्या वतीने ते काम होऊन गेले असते.

"सरी, अण्णा," अक्का म्हणाल्या. "मदतीला म्हणत होते."

मग त्यांनी मागच्या वेळचा अर्धा राहिलेला कागद मागितला. अण्णांनी तो उंबरठ्यावर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, नेहमीच्या आवाजात, आणि मी लिहून घेतला. वाचून झाल्यावर त्या उठल्या, आणि चार वर्षांत प्रथमच उंबरठा ओलांडून बैठकीत आल्या. कागद त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

"नोकरी गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "पण मला एक कागद पाहिजे. हे सगळं मी वाचलं, एवढाच. कुठं लावायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. ह्या घरानं दोनशे वर्षं सगळ्यांचे कागद सांभाळले. फुटक्या बांधाचे सांभाळले. माझा एक नाही त्यात."

"देतो," मी म्हणालो. "पुढच्या खेपेला घेऊन येतो."

"पुढच्या खेपेला नको. लिहाल तेव्हा या. बाकीचे कागद तेव्हा वाचू."

चौथा रुमाल आमच्या बैठकीत तेव्हा न उघडलेला होता. अजूनही आहे.

त्यानंतर सात वर्षे झाली. दुसरे पुस्तक कधी, असे लोक विचारत. मी म्हणे, विभागाच्या कामातून सवड होत नाही. हे लोकांना पटे, कारण काम मी खरोखरच करत होतो. वेळापत्रके, परीक्षा मंडळे, ग्रंथालयाची पुनर्रचना. माझ्या याद्यांना विद्यापीठात मान आहे. संशोधन सोडून जे जे करता येते ते सगळे मी व्यवस्थित केले.

पत्नीला मी हे दोन वर्षांपूर्वी सांगितले. मला वाटले, तिला धक्का बसेल.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "त्या आल्या तेव्हा तुम्ही स्वतः उठून त्यांना कॉफीचा पेला दिलात. आपल्या घरात तुम्ही कधी कोणाला पेला दिलाय? माझ्या वडिलांना नाही दिलात." थोडा वेळ ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "लिहून टाका ना एकदा. चार ओळींचं काम."

चार ओळींचेच काम आहे. मागच्या महिन्यात अण्णा गेले. मी भेटायला गेलो, लोकांत बसलो, उठलो. अक्का आत होत्या. वहिनींनी सांगितले, की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय, डाव्याने अजून दिसते, डॉक्टर थांबा म्हणतात. घरी येऊन मी त्या वह्या काढल्या, त्या यासाठीच.

ठरवायचे तेवढे मी ठरवले आहे. दाखला मराठीत, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येईल. अक्षर मोठे. कॉलेजच्या कागदावर नाही, माझ्या नावाच्या कागदावर. तीन प्रती : एक त्यांना, एक प्रिन्सिपॉलसाहेबांना, ते आता निवृत्त आहेत पण पत्ता माझ्याकडे आहे, आणि एक निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला, दुरुस्ती म्हणून. टपालाने नाही, हाती नेऊन द्यायचा. भाचे-पुतणे समोर असले तरी वाचून दाखवायचा. कागद आणून ठेवला आहे. वर तारीख घातली होती, ती दोनदा बदलावी लागली. 'खालील सही करणारा दाखला देतो की' इथपर्यंत मजकूर झाला आहे.

दाखला लिहायचा राहिला आहे.